एका रात्रीचा अतिथी

डिसेंबर १९३३ मध्ये पॅट्रिक ली फर्मर हा अठरा वर्षांचा इंग्रज तरुण हॉलंडच्या किनाऱ्यावर उतरला आणि एकटाच, पायी, कॉन्स्टँटिनोपलच्या दिशेने निघाला. सुमारे वर्षभर चाललेल्या या प्रवासाचा वृत्तांत त्याने कित्येक दशकांनी ‘अ टाइम ऑफ गिफ्ट्स’ (१९७७) आणि ‘बिटवीन द वुड्स अँड द वॉटर’ (१९८६) या ग्रंथांत सांगितला. त्यांत नद्या, मठ आणि किल्ले यांची वर्णने विपुल आहेत. पण नैतिक विचाराला प्रवृत्त करतात त्या वाटेतल्या योगायोगाच्या भेटी. एखादी रात्र आसरा देऊन कायमची दृष्टिआड झालेली माणसे त्याला जागोजागी भेटली.

जर्मनीत त्या काळी एक जुनी रीत टिकून होती. पायी फिरणारा गरीब विद्यार्थी नगराध्यक्षाकडे गेला की त्याला एक चिठ्ठी मिळे. ती दाखवल्यावर रात्रीचे जेवण, बिछाना आणि सकाळची कॉफी गावाच्या खर्चाने होई. म्यूनिकमध्ये फर्मरची पाठपिशवी चोरीस गेली, तेव्हा एका उमराव कुटुंबाने त्याला घरी ठेवून घेतले आणि होरेसच्या काव्याची सतराव्या शतकातली छोटी प्रत भेट दिली. अन्य एका गावी गुत्त्यात ओळख झालेल्या कामगाराने त्याला आपल्या खोलीत झोपायला जागा दिली. त्या खोलीच्या भिंती नाझी ध्वजांनी भरल्या होत्या. वर्षभरापूर्वी तेथे साम्यवाद्यांची चिन्हे होती, हेही त्याने मोकळेपणाने सांगितले.

या औदार्यामागे एक कालपट आहे. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. १ एप्रिल रोजी ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार पुकारला गेला आणि त्याच महिन्यात ज्यूंना सरकारी सेवेतून दूर करणारा कायदा झाला. ज्या देशात परदेशी वाटसरूला बिछाना मिळत होता, त्याच देशात पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजाऱ्याला परके ठरवले जात होते. मग त्या आतिथ्याचे मोल काय?

ते ढोंग होते असे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. कामगाराने दिलेला बिछाना खराच होता. अडचण निराळी आहे. वाटसरू सकाळी निघून जातो; त्याच्यासाठी यजमानाला आपल्या जीवनात काहीच बदलावे लागत नाही. कांटने १७९५ च्या शाश्वत शांततेवरील निबंधात परक्याला भेटीचा हक्क दिला, वास्तव्याचा नाही. युरोपीय वसाहतकारांचे अत्याचार त्याच्यासमोर होते. गेओर्ग झिमेलने १९०८ मध्ये ‘परका’ हे नाव आज येऊन उद्या जाणाऱ्याला नव्हे, तर आज येऊन उद्या राहणाऱ्याला दिले. मनुस्मृतीनेही एक रात्र राहणारा तो अतिथी असे मानले आणि त्याच्या सत्काराची प्रत वर्णानुसार ठरवली. पाहुणचाराला काळाची मर्यादा असते. पुष्कळदा कुळाचीही असते.

१९३४ च्या उन्हाळ्यात रुमानियातील बनात प्रांताच्या डोंगरांत फर्मर लाकूडतोड्यांच्या एका तळावर थांबला. तेथील ज्यू मुकादम, त्याचा धर्मगुरू भाऊ आणि त्या भावाचे दोन मुलगे यांना एका गोष्टीचा उलगडा होईना: हा मुलगा चालतो आहे कशासाठी? केवळ मौजेसाठी, हे उत्तर त्यांना चमत्कारिक वाटले. ज्यांच्या इतिहासात भटकणे हे बहुधा हद्दपारीचेच नाव होते, त्यांचा हा प्रश्न साधा नव्हता. फर्मरने परकेपण स्वेच्छेने पत्करले होते आणि तो ते केव्हाही उतरवून ठेवू शकत होता. त्यांच्यावर ते लादलेले होते. तरीही त्याने हिब्रू स्तोत्रांविषयी कुतूहल दाखवताच ती रात्र रंगली.

अनोळखी माणसाच्या कृपेवरून समाजाच्या सद्‌गुणाचे अनुमान काढता येत नाही. परंतु त्या कृपेतून एक गोष्ट निश्चित सिद्ध होते: दया करण्याची शक्ती त्या समाजात शाबूत होती. म्हणूनच पुढे घडलेल्या क्रौर्याला असमर्थतेची सबब उरत नाही. ज्याला दाराशी आलेल्या परक्याची भूक ओळखता आली, त्याला समोरच्या घरातले दुःख दिसत नव्हते असे म्हणणे कठीण आहे. वाटसरूला दिलेली भाकरी यजमानाच्या पुण्यात जमा होईलही. पण शेजाऱ्याचा हिशेब तिने फिटत नाही.