उरलेले बारा

सज्जनहो, लागोपाठ दोन वर्षे आषाढी चुकली की कित्येकजण गळ्यातली माळ खुंटीला ठेवू पाहतात. अशांना आम्ही म्हणतो, जरा भोर-वेल्ह्याकडे पाहा.

१६६५ च्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. शिवरायांचे २३ किल्ले गेले. भोरचा रोहिडा त्यांतच गेला. पदरी १२ उरले, त्यांत वेल्ह्याचे राजगड आणि तोरणा. आपण गेलेले २३ मोजत बसतो. एकादशी उरली, हरिपाठ उरला, ते १२ कोण मोजणार?

पुढच्याच वर्षी महाराज आग्र्यास निघाले, ते कारभार जिजाऊंच्या हाती देऊन. हरल्या दिवसांतही ज्याच्यावर घर टाकून जाता येते, तो गुरू. नुसते उपदेश करणारे काय, पैशाला पासरी मिळतात!

कैदेतून निसटून महाराज राजगडी मातेपाशी परतले. आल्या आल्या तलवार उपसली नाही, बरं का! मोगलांशी सलोखा राखला अन् तीनेक वर्षे राज्याची घडी बसवली. हे दिवस कोणी पोवाड्यात गात नाही. मग १६७० उजाडले. कोंढाणा आला, पुरंदर आला, आणि त्याच साली रोहिड्यावरही पुन्हा भगवा चढला.