नकाराचे बळ

जून उजाडला की विदर्भ-मराठवाड्यात एक तक्रार हमखास कानावर पडते. कामाला बायामाणसे मिळत नाहीत. रेशनवर फुकट धान्य आहे, ‘लाडक्या बहिणी’च्या खात्यात दीड हजार पडतात, मग खुरपायला येणार कोण? शेतकरी हे बोलतो, बँकेतला कारकून बोलतो, घरकामाला बाई न मिळालेली शहरातली गृहिणीही बोलते. ही तक्रार मला अर्धीच खरी वाटते, आणि उरलेल्या अर्ध्याशी भांडायला हवे असे फार वाटते.

आधी हिशोब मांडू. महिन्याचे १५०० रुपये म्हणजे रोजचे ५० रुपये. माणशी महिना ५ किलो धान्य म्हणजे दिवसाला काही मुठी. तेल, मीठ, औषध, मुलांच्या वह्या, सगळे अजून बाहेरच आहे. एवढ्यावर कुठलेही घर हातावर हात ठेवून बसू शकत नाही. फरक पडतो तो वेगळा. उद्याची चूल पेटणार याची थोडी खात्री असली की बाई मिळेल त्या मजुरीला लगेच होकार देत नाही. ती दर विचारते, तापाने फणफणलेल्या पोराला टाकून येत नाही. ज्याला स्वस्तात मजूर मिळण्याची सवय झाली, त्याला हा आळस दिसतो.

आधार मिळाला की माणूस काम टाळतो का, या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राला पन्नास वर्षांपूर्वीच मिळाले होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात ‘काम मागेल त्याला काम’ हा प्रयोग झाला. १९७२ चा दुष्काळ आला आणि हा प्रयोग राज्यभर पसरला. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. मे महिन्याचे ऊन, हातात घमेले नाहीतर खडी फोडायचा हातोडा, पोर दगडांच्या सावलीला झोपवलेले. सरकारवर विसंबून कामाचा कंटाळा आलेली माणसे अशी रांग लावत नाहीत. त्यांनी काम मागितले, आणि या मागणीला १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने हक्काचे रूप दिले. तो १९७९ मध्ये अमलात आला. त्यासाठीचा बराचसा पैसा १९७५ पासून लागू झालेल्या व्यवसाय करातून उभा राहिला. नोकरदाराच्या पगारपत्रकावर आजही दरमहा २०० रुपयांची कपात दिसते, तिचे मूळ या कामांत आहे. शहराने खेड्यातल्या श्रमाची हमी घेतली, याचा मराठी माणसाने अभिमान बाळगायला हवा. आपण ते विसरूनही गेलो.

रोजगार हमीवर स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या. बाईला आणि बाप्याला सारख्या कामाचा सारखा दर, ही गोष्ट कित्येक गावांत शेताच्या बांधावर कधी नव्हती. हजेरीपत्रकावर स्वतःचे नाव लागले की कामाकडे पाहण्याची नजर बदलते, असे मला ठामपणे वाटते. याच कामांतून झालेल्या पाझर तलावांचे पाणी बागायतदारांच्या विहिरींना लागले तेव्हा कुणी या माणसांना आळशी म्हटले नाही.

बाहेरचा अनुभवही हेच सांगतो. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा विकसनशील देशांतल्या सात रोख-मदत कार्यक्रमांची आकडेवारी तपासली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मदतीमुळे लोक काम सोडतात याचा सुसंगत पुरावा सापडला नाही. २०११ मध्ये ‘सेवा’ या कष्टकरी स्त्रियांच्या संघटनेने युनिसेफच्या साहाय्याने मध्य प्रदेशातल्या काही गावांत दरमहा विनाअट थोडी रक्कम दिली. तिथे लोकांचे काम घटले नाही, वाढले. पण ते दुसऱ्याच्या मजुरीकडून स्वतःच्या शेताकडे वळले. मजूर मिळत नाही म्हणणाऱ्यांनी ही शक्यता विचारात घेतलेली नसते. तो मजूर कदाचित स्वतःच्या दोन एकरांत खपत असतो.

हमी नसते तिथे काय होते, हे बीडच्या ऊसतोड कामगारांना विचारावे. मुकादमाची उचल घेतली की सहा महिने नवरा-बायकोचा कोयता बांधला जातो. खाडा झाला की दंड. पाळीच्या आणि पोटाच्या दुखण्याने खाडे नकोत म्हणून गर्भाशये काढून टाकलेल्या स्त्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये राज्याला समिती नेमावी लागली. कष्टाची एवढी तयारी कुणाला गुण वाटत असेल, तर त्या गुणाची मला भीती वाटते.

मात्र दोन एकर कापूसवाल्याची अडचण खोटी नाही. वेचणीचा दर वाढतो, कापसाचा भाव वाढत नाही, आणि मधल्या मधे तो भरडला जातो. त्याचा राग बाजारावर आणि सरकारवर निघायला हवा. तो बांधावरच्या बाईवर निघतो, कारण समोर तीच असते.

सगळ्या योजना मी एका मापाने मोजणार नाही. निवडणुकीच्या तोंडावर, २०२४ मध्ये सुरू झालेली रोख रक्कम घरातल्या बाईला नक्कीच आधार देते. पण तो हप्ता सरकारच्या मर्जीवर येतो. निकष बदलले, नाव गळले, की तिच्या हातात अर्जाखेरीज काही उरत नाही. रोजगार हमीत तिला काम मागण्याचा हक्क होता, म्हणून मला ती योजना वरची वाटते.

आता तो हक्कच आखडतो आहे. हाच हक्क देशभर देणाऱ्या मनरेगाच्या जागी संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये नवा कायदा मंजूर केला. त्यात १०० दिवसांचे १२५ दिवस झाले, आणि त्यासोबत पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षाला एकूण ६० दिवस कामे बंद ठेवण्याची तरतूदही आली. शेतीला मजूर मिळावेत हा तिचा हेतू. ज्या दिवसांत मजुराला दर वाढवून मागता येतो, नेमक्या त्याच दिवसांत त्याचा दुसरा पर्याय सरकार काढून घेणार. शेतकऱ्याला मजुरी परवडेल असा भाव मिळवून देणे अवघड आणि खर्चिक आहे, कामे बंद ठेवणे सोपे. दोन्हींपैकी सोपे निवडले गेले, आणि त्याची भरपाई खुरपणाऱ्या बाईच्या रोजातून होणार आहे.