पाहणे आणि उरकणे

प्रवासाविषयी बोलताना आपण मराठी माणसे ‘करणे’ हे क्रियापद फार मोकळेपणाने वापरतो. अमक्याने काशी केली, तमक्याचे चारी धाम झाले, आम्ही यंदा कोकण केले, असे आपण सहज बोलून जातो. पूर्वी ह्या प्रयोगात काही वावगे नव्हते. काशीस जाणारा मनुष्य घरादाराची निरवानिरव करून निघे. तो परत येईलच असा भरवसा कोणासच नसे. तेव्हा त्याने काशी ‘केली’ असे म्हणणे म्हणजे त्याने एक अवघड कृत्य तडीस नेले, असे म्हणणेच होते. पुढे कष्ट गेले आणि क्रियापद तेवढे मागे राहिले. आता आपण ‘झाले’ असे म्हणतो, ते लग्नाच्या आमंत्रणांची यादी पुरी झाली म्हणजे म्हणतो त्या अर्थाने. ह्या दोन अर्थांमधील अंतर किती आहे, हे मला गेल्या हिवाळ्यात एका दिवसाच्या सहलीत कळले. आणि ज्या रीतीने कळले ती माझ्या दृष्टीने फारशी भूषणावह नाही.

आम्ही उभयता काही कामानिमित्त छत्रपती संभाजीनगरास, म्हणजे २०२३ पर्यंत ज्यास औरंगाबाद म्हणत त्या शहरी, गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला. एका प्रवासी संस्थेची बस सकाळी निघून सायंकाळी परत आणते, आणि तेवढ्यात दौलताबाद, वेरूळ, घृष्णेश्वर, बीबी का मकबरा आणि पाणचक्की एवढी स्थळे दाखवते, असे कळले. दर माफक होता. सोबत माहिती सांगणारा मार्गदर्शक होता. आम्ही दोन जागा घेतल्या.

त्या दिवसाची हकीकत वाचकांपैकी पुष्कळांस न सांगताही कळेल, कारण असा दिवस त्यांच्याही वाट्यास आला असेल. दौलताबादेस गाडीतून उतरताच शिटी वाजली आणि तासाभरात परत या असा हुकूम सुटला. देवगिरीचा तो कातीव कडा, ती अंधारी वाट, हे सर्व वर चढून जाणाऱ्यांसाठी असते. आम्ही चांद मिनारापाशी उभे राहून छायाचित्रे काढली आणि खाली आलो. घृष्णेश्वरी रांग मोठी होती, म्हणून बहुतेकांनी कळसास नमस्कार केला. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात ज्याचा जीर्णोद्धार केला ते मंदिर आम्ही बाहेरून पाहिले. जेवणे झाली. वेरुळास पोहोचलो तेव्हा मार्गदर्शकाने घड्याळ पाहून सांगितले की, येथे सव्वा तास आहे. त्यांपैकी कैलासास चाळीस मिनिटे.

वेरुळास एकंदर चौतीस लेणी क्रमांक लावून ठेवलेली आहेत: पहिली बारा बौद्धांची, नंतरची सतरा शैव-वैष्णवांची, शेवटची पाच जैनांची. त्यांतील तीन आम्हांस दाखविण्यात आली. सोळाव्या क्रमांकाचे कैलास राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याच्या नावाने ओळखले जाते. त्याची कारकीर्द इसवी सन ७५६ ते ७७३ च्या सुमाराची. अखंड डोंगर वरून खाली खोदीत आणून त्यातून हे देऊळ मोकळे केलेले आहे. बांधणाऱ्याची चूक झाली तर दगड बदलता येतो. येथे चुकीस क्षमा नव्हती. बडोद्यास सापडलेल्या शके ७३४ च्या एका ताम्रपटात एलापुरावरील कृष्णराजाच्या शिवालयाचे वर्णन आहे, आणि ते ह्याच कैलासाचे होय असे रा. गो. भांडारकरांनी १८८३ मध्ये प्रतिपादन केले. त्या वर्णनाचा आशय असा की, विमानातून जाणारे देव तर हे मंदिर पाहून थक्क झालेच, पण ज्याने ते घडविले तो शिल्पीही आपल्या हातून हे कसे झाले म्हणून विस्मयात पडला. कर्त्याचाच विस्मय जेथे सरला नाही तेथे आम्हांस चाळीस मिनिटे मिळाली होती.

आमच्या गाडीत एक वृद्ध बाई होत्या. प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, एकट्याच आलेल्या. बोलता बोलता त्यांनी माझ्या पत्नीस सांगितले होते की, तीस वर्षे त्यांनी मुलांस वेरूळ शिकविले, परंतु पाहण्याचा योग आला नव्हता. परतीची वेळ झाली, सर्व मंडळी दरवाजापाशी जमली, आणि ह्या बाई काही दिसेनात. मार्गदर्शकाने दोनदा शिटी वाजविली. मंडळीत कुरकुर सुरू झाली. ‘एकीसाठी सगळ्यांनी थांबायचे काय?’ असे कोणी म्हणाले. त्या म्हणणाऱ्यांत मी नव्हतो, असे मला येथे लिहिता आले असते तर बरे वाटले असते. त्यांस शोधून आणण्याचे काम मी आपण होऊन पत्करले.

देवळाच्या दक्षिण अंगास, खालच्या बाजूस, रावण कैलास हलवीत आहे तो प्रसिद्ध शिल्पपट आहे. बाई त्याच्यासमोर एका पायरीवर बसल्या होत्या. खाली अनेक भुजांचा रावण डोंगरास भिडलेला, वर पार्वतीने शंकराचा हात घट्ट धरलेला, मागे एक दासी पळत सुटलेली, आणि शंकर मात्र काहीच न घडल्यासारखा स्वस्थ. मी म्हणालो, “बाई, चला. गाडी खोळंबली आहे.”

त्यांनी वळूनही पाहिले नाही. त्या म्हणाल्या, “मुलांना सांगत आले, शंकरानं पायाच्या अंगठ्यानं डोंगर दाबला म्हणून. तो पाय कुठं टेकलाय, तेवढं बघते. नजर कमी झालीय हो.”

“वेळ झाली आहे, बाई. मंडळी थांबली आहेत.” मी त्यांचा हात धरला, आधार द्यावा म्हणून धरला, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या उठल्या. गाडीपाशी आल्यावर मी विचारले, “दिसला का पाय?” त्या म्हणाल्या, “नाही. असू द्या. तुम्ही तरी काय करणार?”

वेरूळ सोडल्यावर गाडी एका साड्यांच्या दुकानापाशी थांबली. ही जागा कार्यक्रमात छापलेली नव्हती. येथे आम्ही पंचावन्न मिनिटे होतो. शिटी वाजली नाही, कोणी कोणास शोधावयास गेले नाही, आणि कोणी कुरकुरही केली नाही. चहा आला तो मंडळी प्याली. पुढे बीबी का मकबरा संधिप्रकाशात वीस मिनिटांत आटोपला आणि पाणचक्की गाडीच्या काचेतून झाली.

घरी आल्यावर शेजाऱ्यांनी विचारले, “काय, झाले का वेरूळ?” मी म्हणालो, “झाले.” आणि मला वाटले की, ह्याहून खरे उत्तर मला देता आले नसते.

आता प्रश्न असा की, ह्यात अपराध कोणाचा? पहिले उत्तर सोपे आहे. अपराध घाईचा, वेळापत्रकाचा आणि असल्या सहलींचा. सुज्ञाने त्यांच्या वाटेस जाऊ नये. हे उत्तर मला मान्य नाही, कारण त्यात सुखवस्तू माणसाचा एक तोरा आहे. स्वतंत्र गाडी करून, दोन दिवस मुक्काम करून लेणी पाहणे ज्यास परवडते त्याने बसमधून जाणाऱ्यास हसू नये. ही माफक दराची बस नसती तर त्या बाईंस वेरूळ कधीच दिसले नसते. अपुरे दर्शन हे न झालेल्या दर्शनाहून पुष्कळ बरे.

वेळापत्रक हाही मूळचा दोष नव्हे. आळंदीहून पंढरपुरास जाणारी पालखी सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट चालते, आणि तिचा रोजचा विसावा व रोजचा मुक्काम आधीच ठरलेला असतो. त्याहून काटेकोर वेळापत्रक कोणत्या प्रवासी संस्थेचे असेल? तरी वारीस घाई म्हणावी असे कोणास वाटत नाही. आणि दर्शनाची लांबी म्हणाल, तर वारकरी रांगेत तासचे तास उभा राहतो आणि पायांवर डोके टेकते न टेकते तोच पुढे ढकलला जातो. चाळीस मिनिटे कोठली? त्यास चाळीस क्षणही मिळत नाहीत. तरी तो तृप्त होऊन परततो. म्हणजे काळाचे परिमाण हे काही तृप्तीचे कारण नव्हे.

मग फरक कोठे आहे? मला असे दिसते की, वारकऱ्याचे चालणे आणि ताटकळणे हे दर्शनाच्या बाहेरचे नसते. दर्शनाची सुरुवात घरापासूनच झालेली असते, आणि शेवटचा क्षण ही केवळ तिची समाप्ती असते. आमच्या सहलीत उलट घडत होते. दौलताबादेत वेरुळाची चिंता, वेरुळास मकबऱ्याची, मकबऱ्यात परतीची. प्रत्येक पुढचे स्थळ हातातल्या स्थळास खात होते. घाई म्हणजे वेळेची टंचाई नव्हे. समोरच्या गोष्टीस नेहमी पुढच्या गोष्टीचा अडथळा मानणे, ह्याचे नाव घाई.

ह्या दृष्टीने पाहता आमच्या गाडीत वारकरी एकच होता. त्या बाई तीस वर्षे वाट चालून तेथे आल्या होत्या. आम्हा इतरांस चार तास दिले असते तरी आम्ही त्यांतले तीन उपाहारगृहात काढले असते. त्यांस मात्र आणखी पाच मिनिटे पुरली असती. ती पाच मिनिटे त्यांच्याकडून काढून घेणारा हात मार्गदर्शकाचा नव्हता. तो माझा होता.

येथे कोणी म्हणेल की, चाळीस माणसांचा एका माणसावर काही हक्क आहे की नाही? निश्चित आहे. सर्वांनी मिळून जो करार केला तो एकाने मोडू नये, हा सामुदायिक जीवनाचा पहिला नियम होय, आणि मी तो नाकारीत नाही. परंतु नियमाचा न्याय तो सर्वत्र सारखा लागू होण्यात असतो. दुकानात पंचावन्न मिनिटे गेली तेव्हा आमचा करार कोठे होता? तेथे दुकानदाराचा लाभ होता, बहुधा मार्गदर्शकाचाही होता. म्हणून वेळ होता. रावणाच्या शिल्पापाशी कोणाचाच लाभ नव्हता. म्हणून वेळ नव्हता. ‘वेळ नाही’ हे वाक्य आपण वस्तुस्थिती म्हणून उच्चारतो, परंतु बहुधा तो एक निवाडा असतो. कोणाचे लक्ष मोलाचे आणि कोणाचे बिनमोलाचे, हे आपण त्या वाक्याने ठरवीत असतो, आणि ते ठरविल्याचा दोष घड्याळावर ढकलीत असतो.

मार्गदर्शकास मी दोष देऊ शकत नाही. तो रोज तीच वाट चालतो, रोज तेच बोलतो, आणि उशीर झाला तर त्याचाच रोजगार जातो. शिटी वाजविणे हे त्याचे काम होते. माझे ते काम नव्हते. कोणी मला नेमले नव्हते, कोणी मला वेतन देणार नव्हते. तरीही मी धावत गेलो. सकाळपासून घाईविषयी सर्वांत अधिक कुरकुर करणारा मीच होतो, आणि घाईने हाक मारताच तिची चाकरी करावयास सर्वांत आधी उठलो तोही मीच. दुसऱ्याने लादलेली त्वरा आपणांस जाचते. परंतु ती तिसऱ्यावर लादण्याची संधी येताच तिचा जाच आपणांस वाटेनासा होतो, इतकेच नव्हे तर आपण काही कर्तव्य बजावीत आहोत असे वाटू लागते. ह्या सबंध प्रकरणात मला भयंकर वाटते ते हे.

आणि हे माझ्या हातून वेरुळासच प्रथम घडले असे नाही. वर्गात शिकविताना कोणी विद्यार्थी एखाद्या ओळीपाशी अडतो, हात वर करतो, आणि मी म्हणतो, “ते नंतर पाहू, अजून पुष्कळ व्हावयाचे आहे.” नेमलेले पुस्तक वर्षअखेर ‘होते’. त्या मुलास जे पाहावयाचे होते ते त्यास दिसले किंवा नाही, हे विचारण्यास मी गाडीपाशी येईपर्यंत थांबतो. आणि तोही आदबीने म्हणतो, असू द्या.

ह्यावर माझ्याजवळ मोठा उपाय नाही. अभ्यासक्रम राहणार, बस राहणार, शिटी वाजावयाची ती वाजणार. एवढेच ठरविले आहे की, पुन्हा कोणी शिल्पासमोर बसलेला दिसला तर त्यास उठविण्यासाठी मी जाणार नाही. मंडळींस सांगेन की, पाच मिनिटे थांबा. दुकानातून वजा करा. आणि धीर झाला तर त्या माणसाच्या शेजारी जाऊन बसेन. त्या दिवशी बाईंस तो पाय सापडला नाही खरा. परंतु माझी नजर त्यांच्याहून चांगली होती, आणि मी त्या शिल्पाकडे वर मान करून एकदाही पाहिले नव्हते.