पडीक वास्तू आणि नागरिकाची तक्रार

शहराच्या जुन्या वस्तीत एखादा वाडा निर्मनुष्य पडून राहावा, त्याच्या आढ्याची कौले ढासळून भिंतीत पिंपळ रुजावा, चौकातल्या हौदात पावसाचे पाणी साचून डासांची पैदास व्हावी आणि अंधार पडताच दिंडीतून अनोळखी माणसांची ये-जा सुरू व्हावी, ही गोष्ट पुण्याच्या पेठांतून असो की मुंबईच्या गिरगावातून, आता कोणाला नवलाची वाटत नाही. अशा वास्तूच्या शेजारी राहणाऱ्यांचा संताप न्याय्यच असतो. परंतु तो संताप प्रायः मालकाच्या नियतीवर जाऊन थांबतो, आणि ज्या अवस्थेमुळे उपद्रव होतो ती अवस्था मात्र पावसाळ्यामागून पावसाळे तशीच राहते. ह्या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की तक्रार वास्तूच्या अवस्थेची असावी, मालकाच्या स्वभावाची किंवा हक्काची नसावी. कारण अवस्था आठवड्यात पालटता येते, आणि हक्काचा निवाडा व्हावयास कधी कधी एक पिढी लागते.

वाडा पडीक होतो तो नेहमीच मालकाच्या दुष्टपणाने होत नाही. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या जागांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला जखडून टाकली. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूंना त्याने आसरा दिला हे निर्विवाद. पण काही दशकांनंतर त्या भाड्यात गवंड्याची मजुरीही भागेना, तेव्हा मालकाने दुरुस्तीकडे पाठ फिरवली, आणि जागा आपली नव्हे म्हणून भाडेकरूनेही खिशात हात घातला नाही. मुंबई बेटावरील जुन्या इमारतींसाठी 1969 च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती मंडळ स्थापन झाले. पुण्याच्या वाड्यांना तशी सोय लाभली नाही. त्यात वारसांची संख्या वाढत गेली, हिस्सेदारांतील वाटपाचे दावे दिवाणी न्यायालयात तारखांवर लोंबकळत राहिले, कोणीतरी मनाई हुकूम मिळवला, आणि वास्तूला धनी अनेक पण वाली कोणीच नाही अशी स्थिती झाली.

हा गुंता सुटेपर्यंत शेजाऱ्याने डास आणि दगड सोसावेत, असे मात्र कायदा म्हणत नाही. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे 133 वे कलम, जे 2023 च्या नागरिक सुरक्षा संहितेत 152 वे झाले आहे, कार्यकारी दंडाधिकाऱ्याला असा अधिकार देते की पडण्याच्या बेतात असलेली इमारत किंवा झाड, अथवा रस्त्यालगतची उघडी विहीर दिसताच तिच्या मालकाला किंवा कब्जेदाराला सशर्त हुकूम करावा: धोका दूर कर, नाहीतर हजर होऊन कारण दाखव. तसाच अधिकार महानगरपालिका अधिनियमाने आयुक्ताला दिला आहे, आणि मालकाने काम न केल्यास ते स्वतः करून खर्च त्याच्याकडून वसूल करण्याची मुभाही दिली आहे. येथे हक्काचा प्रश्न बाजूला ठेवून धोक्याचा प्रश्न आधी हाताळला जातो, हे ह्या तरतुदींचे मर्म होय. आणि उपद्रवाचे कारण खुद्द नगरपालिका असली तरी तीही सुटत नाही: रतलामच्या एका प्रभागातील रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध ह्याच 133 व्या कलमाचा आधार घेतला, तेव्हा तिजोरीत पैसा नाही ही नगरपालिकेची सबब सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली फेटाळली.

तथापि आरोग्याच्या नावाने परक्याच्या उंबरठ्याच्या आत शिरण्याचा अधिकार किती दाहक ठरू शकतो, हे पुण्याने 1897 च्या प्लेगात पाहिले आहे. रोग खरा होता, तपासणी आवश्यक होती. पण गोऱ्या सोजिरांनी देवघरे आणि माजघरे तुडविली, आणि लोकांचा विश्वास गमावलेला उपाय त्यांना रोगाहून भयंकर वाटू लागला. आजचा धोका वेगळ्या वेषात येतो. इमारत ‘धोकादायक’ ठरविण्याची नोटीस काही वेळा भाडेकरूला हुसकावण्याचे सोयीचे हत्यार बनते, आणि शेजाऱ्याची प्रामाणिक तक्रार नकळत त्या हत्याराला धार लावते. इमारत पाडली गेली तरी जमीन शिल्लक असेपर्यंत भाडेकरूचा हक्क संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये म्हटले खरे. पण छप्पर गेलेल्या कुटुंबाला तो हक्क प्रत्यक्षात वसूल करणे किती दुष्कर असते, हे सांगावयास नको.

म्हणून तक्रारीची शिस्त महत्त्वाची. ‘वाड्यामुळे त्रास होतो’ असा अर्ज दप्तरात सहज विरून जातो. कोणती भिंत कोणत्या दिशेला कलली आहे, पाणी कोठे साचले आहे, कचरा कधीपासून पडला आहे, हे तारीखवार छायाचित्रांसह लिहावे. भिंत बांधकाम खात्याची, डास कीटक प्रतिबंधक विभागाचे, कचरा घनकचरा विभागाचा आणि रात्रीचा अड्डा पोलिसांचा, हे ओळखून प्रत्येकाला स्वतंत्र अर्ज द्यावा, क्षेत्रीय कार्यालयाची पोच घ्यावी, आणि उत्तर न मिळाल्यास 2005 च्या माहिती अधिकाराने कार्यवाहीची नक्कल मागावी. अर्जावर एकाची सही असली की तो वैरी ठरतो. आळीतल्या पंधरा जणांच्या सह्या असल्या की तो सार्वजनिक प्रश्न होतो. आणि ह्या सर्वांच्या आधी, वारसांपैकी ज्याचा ठावठिकाणा लागेल त्याला एक साधे पत्र पाठवावे. कित्येकदा गावी किंवा परदेशी असलेल्या त्या गृहस्थाला आपल्या हौदात काय चालले आहे ह्याची गंधवार्ताही नसते.

कार्यालयाकडूनही अपेक्षा तशीच नेमकी हवी. नोटीस बजावल्याची नोंद करून अर्ज ‘निकाली’ काढणे ही कागदाची निर्गत झाली. भिंतीला टेकू लागला का, हौद उपसला का, आणि आत कोणी राहत असल्यास त्याच्या जागेचे मोजमाप करून ते त्याच्या हाती दिले का, ह्या प्रश्नांच्या उत्तरांवरच उपद्रव संपला की नाही हे ठरावे. तक्रारदाराने स्वतःपुरती एक कसोटी लावावी: उद्या हाच अर्ज आपल्या वडिलोपार्जित घराविरुद्ध आला, तर त्यातील प्रत्येक मागणी आपण रास्त म्हणून मान्य करू काय? जी मागणी ह्या कसोटीला उतरत नाही ती अर्जातून खोडावी, आणि जी उतरते ती पूर्ण होईपर्यंत सोडू नये.