गुलछडीच्या एका काडीपाशी

बसा. समोर गुलछडीची एक काडी ठेवा. हडपसरच्या गाडीतळावर सकाळी सहज मिळेल. मोबाईल आतल्या खोलीत राहू द्या.

काडीकडे खालून वर पाहत जा. सगळ्यात खालची फुलं उमललेली, एखाद्या पाकळीची कड पिवळसर. मधल्या कळ्या टपोऱ्या. वरचं टोक अजून हिरवं, मिटलेलं. खालचं सुकलेलं फूल हलक्या हातानं खुडा. बोटांना लागलेला वास घ्या, पुन्हा घ्या.

घरून गुच्छांचा धंदा सुरू करायचा मनात असेल, तर आधी स्वतःला विचारा, मला फुलं आवडतात म्हणजे नेमकं काय आवडतं? रंग? आजीबरोबर परडी घेऊन फिरायची ती सकाळ? की चार जणांनी केलेलं कौतुक? उत्तर पटकन आलं तर बाजूला ठेवा, पुन्हा विचारा. नुसत्या कौतुकावर जगणारा माणूस घासाघीस करणाऱ्या पहिल्याच गिऱ्हाइकापाशी खचतो. फुलांत हात घालून बसायला ज्याला आवडतं, तो लगीनसराईत रात्री तीन वाजताही गुच्छ बांधत असतो.

थोडं थांबा. ही काडी कुठून आली, तो रस्ता मनात आणा. पुरंदर, दौंडकडच्या एखाद्या शेतात कुणीतरी ती उजाडायच्या आत कापली. सासवड रस्त्यानं, सोलापूर रस्त्यानं, आपल्या हडपसरातूनच फुलांचे टेम्पो गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातात. तिथं झेंडू किलोवर, अ‍ॅस्टर गड्डीवर, डच गुलाब २० फुलांच्या गड्डीनं. हारात ओवायची सुटी गुलछडी एकेरी पाकळ्यांची. फुलदाणीतली काडी बहुधा दुहेरी. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’ ही एकेरीतलीच जात. देशाची फुलशेतीची संशोधन संस्थाही आपल्या मुंढवा-मांजरी रस्त्यावर आहे. पितृपंधरवड्यात पडून राहणाऱ्या झेंडूसाठी दसऱ्याला झुंबड उडते. हा धंदा पंचांग पाहून चालतो, हे मनाशी धरा.

आता कात्री घ्या. फुलांवर जीव असणाऱ्याचा हात इथं अडखळतो, अडखळू द्या. मग देठ पाण्यात बुडवून तिरका कापा. पाण्याखाली जाणारी पानं काढून टाका. ती कुजली की पाण्यात जंतू वाढतात आणि देठातल्या नळ्या बुजतात. जरबेरा असेल तर पाणी बोटभरच. त्याचा देठ लवकर सडतो. प्रेम कितीही असो, हे केल्याशिवाय फूल टिकत नाही.

आता गुच्छाचा खर्च मांडायला कागद घ्या. फुलं, हिरवा पाला, रिबीन, रिक्षा, सुकून फेकलेल्या काड्या, सगळं लिहा. शेवटी स्वतःचे तास लिहा. बहुतेक जणी इथंच पेन खाली ठेवतात, कारण घरच्या कामाचे तास मोजायची सवयच नसते. पेन उचला. तास लिहा, त्यांच्यापुढे रुपये लिहा. तो आकडा पाहून संकोच वाटेल. त्या संकोचाबरोबर जरा बसून राहा, पण आकडा खोडू नका.

उद्या पाच काड्या आणा. छोटा गुच्छ बांधा, शेजारच्या काकूंना द्या. पाचव्या दिवशी जाऊन पाहा, किती फुलं ताजी आहेत. मग पहिली ऑर्डर घ्या.