अब्बांचे राहिलेले देणे

अब्बांना जाऊन दोन वर्षे झाली. दर्यापूरच्या कब्रस्तानात त्यांची कबर कच्चीच आहे. ती तशीच ठेवायची हे त्यांनीच सांगून ठेवले होते. आमच्याकडची काळी माती पहिल्या पावसात खाली बसते. म्हणून मृगाचे एक-दोन पाऊस पडून गेले की आम्ही भाऊ आणि मुले घमेली घेऊन जातो, कबरीवर माती ओढतो, फातिहा पढतो. परतताना वाटेत आठवणी निघतात. मरण पावलेल्या माणसाविषयी चांगलेच बोलावे, अशी आपल्याला शिकवण आहे. आणि अब्बांविषयी चांगले बोलायला कुणालाच प्रयास पडत नाहीत.

अब्बा शेती सांभाळून हंगामात एका जिनिंगमध्ये काट्यावर असत. कापसाच्या काट्यावर बसणाऱ्या माणसाला बरकत कशी मिळवायची हे कुणी शिकवावे लागत नाही. पण बैलगाडी रांगेत लावून रात्रभर थंडीत कुडकुडलेल्या शेतकऱ्याचा एक किलोही त्यांनी कमी धरला नाही. मापात लबाडी करणाऱ्यांविषयी कुरआनात एक अख्खी सूरत आहे. ती त्यांना पाठ होती, आणि जिनात जाताना ती ओठांत असे, असे अम्मी सांगायच्या. नातवंडांना मात्र त्या काट्याची वेगळीच मौज होती. हंगाम संपला की दादा त्यांना काट्यावर बसवत आणि प्रत्येकाचे वजन एका लाल वहीत लिहून ठेवत. ती वही माझ्याकडे आहे. माझ्या मोठ्या मुलाचे पाच वर्षांचा असतानाचे वजन तीत सोळा किलो दोनशे असे आहे. वरचे दोनशे ग्रॅमसुद्धा त्यांनी सोडले नव्हते.

अशा माणसाच्या पेटीत आम्हाला तो कागद सापडला.

वारस-नोंदीसाठी जुने कागद जुळवत होतो. आम्ही दोघे भाऊ आणि एक बहीण. बहिणीने हक्कसोड पत्र करून द्यायचे, हे घरात कुणी ठरवले नव्हते. ते ठरलेलेच होते. तीही तयार होती. पेटीतले कागद तीच वाचून दाखवत होती. त्यात १९७४ सालचे एक हक्कसोड पत्र निघाले. आजोबा १९७२ च्या दुष्काळात गेले. त्यांच्यामागे ९ एकर वावर, एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाला दोन वाटे, मुलीला एक, या हिशेबाने फुप्पीचे ३ एकर होत होते. ते तिने भावाच्या लाभात 'राजीखुशीने' सोडल्याचे कागदावर होते आणि खाली अंगठा होता. बहीण त्या शब्दाशी थांबली. म्हणाली, "फुप्पीला कुणी विचारलं होतं का?" आम्ही दोघेही गप्प राहिलो. मग ती म्हणाली, "मला तरी कुणी विचारलं?"

या लेखाचा विषय खरे तर तेवढाच आहे. ज्या माणसावर आपले प्रेम होते, त्याच्या हातून राहून गेलेली गोष्ट आठवणे ही त्याच्याशी बेइमानी आहे का?

कुणी म्हणेल, यात गैर काय झाले? वारसाने आपला हिस्सा आपखुशीने सोडायला शरीयतची मनाई नाही. सरकारी कायदाही अब्बांच्या बाजूने होता. १९३७ च्या शरियत कायद्याने शेतजमिनीचा प्रश्न मुळातच बाजूला ठेवला होता. आमच्याकडे बहिणींची नावे सातबाऱ्यावर लागतात, पण लागतात ती बहुधा उतरण्यासाठीच. त्यातून अब्बांनी बहिणीसाठी काय केले नाही? फुप्पी अंजनगावला दिलेली. शकुंतला गाडी तेव्हा चालू होती. दर ईदीला अब्बा बनोश्याच्या स्टेशनावर त्या छोट्या गाडीत बसत. सोबत साडी, मुलांचे कपडे आणि हंगाम बरा गेला असेल तर तुरीचे पोते. फुप्पीच्या मोठ्या मुलीच्या लग्नाचा निम्मा खर्च त्यांनी उचलला. सगळे गाव म्हणे, भाऊ असावा तर असा.

पण मी लाल वही उघडली की मला दुसरे दिसू लागते. एका मुलाचे दोनशे ग्रॅम ज्यांनी सोडले नाहीत, त्यांना ३ एकर दिसले नसतील? पन्नास वर्षांच्या साड्या आणि तुरीची पोती एका पारड्यात टाकली, तरी ती भेट होती. दुसऱ्या पारड्यात हक्क होता. जे दुसऱ्याचेच आहे ते त्याला भेट म्हणून देता येत नाही. अब्बांना हे कळत नव्हते असे मला म्हणवत नाही. त्यांना ते दिसले नाही, कारण आजूबाजूला कुणालाच दिसत नव्हते. मशिदीत व्याजावर बयान होते, मापावर होते, जुगारावर होते. बहिणीच्या हिश्श्यावर झालेले बयान दर्यापुरात मी तरी ऐकलेले नाही.

माणूस गेल्यावर त्याच्या मालमत्तेतून आधी कफन-दफन, मग कर्ज, मग वसीयत आणि शेवटी वारसा, हा क्रम आपल्याला तोंडपाठ असतो. हदीसमध्ये एक प्रसंग आहे. एक जनाजा आणला गेला तेव्हा प्रेषितांनी विचारले, याच्यावर कर्ज आहे का? दोन दीनार होते. प्रेषित त्याची नमाज पढेनात. तेव्हा अबू कतादा पुढे झाले आणि म्हणाले, ते कर्ज माझ्याकडे. मग नमाज झाली. मला यातली एक गोष्ट मोठी वाटते. त्या मय्यतीविषयी कुणी वाईट बोलले नाही आणि कर्ज नव्हतेच असेही कुणी म्हटले नाही. कुणीतरी ते आपल्या अंगावर घेतले.

आम्ही मात्र क्रम उलटा धरला होता. चाळिसाव्याला देगी चढल्या. आमच्याच मुलखातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हयात घालवून लोकांना सांगितले, कर्ज काढून मेलेल्याच्या नावाने जेवणावळी घालू नका, जित्या भुकेल्याला घाला. आम्ही कर्ज काढले नाही, इतकेच. त्यानंतर धाकट्याने अब्बांच्या नावाने पाणपोई बांधायचे काढले. कल्पना चांगलीच होती. आईच्या नावाने कोणते दान उत्तम, असे साद बिन उबादा यांनी विचारले तेव्हा 'पाणी' असे उत्तर मिळाले आणि त्यांनी विहीर खोदली. आमच्या खारपाणपट्ट्यात विहीर खोदून सवाब मिळवणे सोपे नाही; खोल जावे तसे पाणी मचूळ लागते. शहानूर धरणाचे पाणी नळाला येण्यापूर्वी इथे गोड्या पाण्याचा एक हंडा म्हणजे मोठी चीज होती. म्हणून पाणपोई हेच अब्बांचे खरे स्मारक, हे मलाही पटले होते. पण पैसे येणार होते त्या ९ एकरांच्या कापसातून. त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याचे पाणी कुणाच्या नावाने पाजायचे?

मी अंजनगावला गेलो. फुप्पीला आता कमी ऐकू येते. मोठ्याने सांगावे लागले, म्हणजे ते शेजारीही ऐकत होते. तिला आधी राग आला.

"बाबू, काहून उकरतं ते आता? माहा भाऊ चोर नव्हता."

मी म्हटले, "चोर कोण म्हणतं, फुप्पी? पण त्या वेळी तुला विचारलं होतं का?"

"मले कोन इचारते? कागद समोर ठेवला, अंगठा लावला." बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "वावर घेतलं असतं तं तो दर ईदीले आला असता का, सांग."

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. १९७४ पासून ती हा सौदा मनात घेऊन बसली होती: ३ एकर देऊन तिने माहेर राखले. आपण त्याला बहिणीची माया म्हणत आलो. अब्बाही तेच म्हणाले असते, आणि मनापासून म्हणाले असते.

धाकट्याचे म्हणणे वेगळे आहे. तो मला म्हणाला, "मुलांच्या मनातले दादा तू खराब करतो आहेस." त्याच्या बोलण्यात तथ्य नाही असे नाही. नातवंडांना काट्यावरचे दादा हवेत आणि ते दादा खरेच होते. पण माझी मुलगी पुढच्या वर्षी लग्नाची होईल. तिच्यापासून हे लपवले, तर तिच्यापुढेही एक दिवस कागद ठेवला जाईल. मी तिला सगळे सांगितले. तिने लाल वही मागून घेतली, आपले वजन शोधले आणि वही परत पेटीत ठेवली. बोलली काहीच नाही.

३ एकर फुप्पीच्या नावे करायचे ठरवून मी दर्यापुरात दस्त लिहिणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, एवढ्या वर्षांनी जुना कागद मोडायच्या भानगडीत पडू नका, सरळ बक्षीसपत्र करा. मी म्हटले, ही बक्षिसी नाही, तिचेच तिला परत करतो आहोत. तो म्हणाला, तसा दस्त माझ्याकडे नाही. म्हणजे या खेपेलाही कागदावर फुप्पीला तिचे वावर भेट म्हणूनच मिळणार.

कागद तयार आहे. माझी आणि बहिणीची सही झाली. धाकट्याची अजून राहिली आहे.