परतीचं तिकीट

जुलैत दुसरबीडच्या शिवारात डवरे फिरत असतात. सोयाबीन वीतभर वर आलेलं असतं, पावसानं उघडीप दिली की जो तो तण काढायच्या घाईत असतो. ज्या घरात बारावी झालेलं पोर असतं, त्या घरात मात्र आभाळाइतकंच मोबाइलकडेही लक्ष असतं. कुठे नंबर लागला, कितवी यादी, पैसे कधीपर्यंत भरायचे.

ओळखीच्या एका घरातल्या लेकीचा नंबर हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात लागला. पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम. २०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी जी सामायिक परीक्षा सुरू झाली, ती मराठीतूनही देता येते. हिनं ती मराठीतूनच दिली होती. शुल्क भरायला चार दिवस होते. त्या चार दिवसांत ओसरीवर बरीच माणसं येऊन बसली, चहा झाला, आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच निघाला: "एवढ्या दूर काहून पाठवता?"

बाप गप्प बसून ऐकायचा. एका संध्याकाळी त्यानं मला विचारलं, "सर, दूर म्हणजे नेमकं किती हो?"

प्रश्न साधा वाटला, पण उत्तर देताना माझीच गडबड झाली. आपलं, म्हणजे बुलढाणा जिल्ह्याचं विद्यापीठ अमरावतीला. दुसरबीडहून मेहकर, मग अकोला, मग अमरावती. दोनशेहून जास्त किलोमीटर, गाड्या बदलत गेलं तर दिवस मोडतो. आणि हैदराबाद? खामगाव-जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी असली तरी आपल्याकडे रूळ आलेले नाहीत, म्हणून आधी जालना गाठायचं. एसटीनं पन्नासेक किलोमीटर. तिथं रात्री अजिंठा एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी हैदराबाद. किलोमीटर दुपटीच्या आसपास, पण डोळा लागला की रस्ता सरतो. जे 'आपलं' ते दिवसभराचं आणि जे 'बाहेरचं' ते एका झोपेचं.

शिवाय हैदराबाद बाहेरचं झालं तरी कधी? १८५३ पर्यंत आपला वऱ्हाड निजामाच्या मुलखात होता. पलीकडचा जालना तर १९४८ पर्यंत निजामाकडे आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये निघालं. त्याआधी तिकडच्या मराठी मुलांना विद्यापीठाची पायरी चढायची तर १९१८ साली स्थापन झालेलं हैदराबादचं उस्मानियाच जवळचं होतं. विचारवंत नरहर कुरुंदकरही शिकायला हैदराबादला गेले होते. त्या काळी हैदराबादला जाणं परराज्यात जाणं नव्हतं, राजधानीला जाणं होतं. पुढे नकाशावर रेघ सरकली आणि तेच गाव परकं झालं. अंतर एका पावलानंही वाढलेलं नाही.

मग मनातलं अंतर वाढतं कशानं?

दुसरबीडपासून वीसेक किलोमीटरवर सिंदखेडराजा. १२ जानेवारी १५९८ रोजी तिथं जिजाऊंचा जन्म झाला. त्यांची समाधी आहे रायगडाच्या पायथ्याशी, पाचाडला. घोडे, पालख्या आणि बैलगाड्यांच्या काळात इथली एक लेक पार सह्याद्री ओलांडून गेली. दर जानेवारीत आपण तिथं गर्दीनं जातो, माथा टेकतो. पण त्या गर्दीतल्या कुणी लेकीचं लग्न पुण्याला, सुरतेला किंवा भोपाळला ठरवलं, तर किलोमीटर कोण मोजतं? "स्थळ चांगलं आहे" म्हणून पेढे वाटतो. अनोळखी घर, अनोळखी माणसं, आयुष्यभराचं जाणं. तरी ओसरीवर येऊन कुणी म्हणत नाही की एवढ्या दूर काहून देता. शिकायला पाच वर्षं जायचं म्हटलं की मात्र मोजपट्टी निघते. एकाच लेकीसाठी एकाच घरात अंतराची दोन मापं.

खर्चाचंही असंच. दूर म्हणजे महाग, हे आपण धरूनच चालतो. केंद्रीय विद्यापीठांतल्या साध्या पदवी अभ्यासक्रमांचं शुल्क बहुतेक ठिकाणी हजारांत असतं. जवळच्या शहरातल्या खासगी महाविद्यालयाची फी, खोलीचं भाडं आणि मेसचं बिल यांची बेरीज पुष्कळदा त्याहून फार पुढे जाते. दूरचा खर्च ठरतो तो वसतिगृहावर. ते मिळालं तर दूरचं विद्यापीठ स्वस्त, नाही मिळालं तर परक्या शहरातली खोली बापाची कंबर मोडते. म्हणून विद्यापीठाचं नाव विचारायच्या आधी वसतिगृहाचं विचारावं.

आणि कागदांचं. राज्याची प्रमाणपत्रं केंद्रात जशीच्या तशी चालत नाहीत. भटक्या-विमुक्तांचे आपल्याकडे जे वेगळे प्रवर्ग आहेत ते केंद्रात नाहीत. तिथं त्यांतल्या बहुतेक जाती इतर मागासवर्गात धरल्या जातात आणि प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. २०२४ मध्ये राज्यानं मराठा समाजाला दिलेलं दहा टक्के आरक्षणही राज्यापुरतंच. केंद्रात आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला काढावा लागतो. हे कळेपर्यंत तहसीलच्या चकरांत चार दिवस संपलेले असतात. जागा अंतरामुळे गेली असं आपण म्हणतो, पण ती गेलेली असते एका कागदामुळे.

हे सगळं सांगून झालं तरी तो बाप हलेना. खरी गोष्ट त्यानं शेवटी सांगितली. "सर, पैशाचं होईल कसंतरी. पण तिला तिथं जमलं नाही तर? अन् फारच जमलं तर?"

त्या दोन वाक्यांत सगळं आलं. जमलं नाही तर पोरगी रडत परत येईल आणि गाव विचारेल. फारच जमलं तर परत येणारच नाही. एक भीती तिच्या येण्याची, दुसरी न येण्याची. किलोमीटरच्या आड लपलेला प्रश्न परतीचा असतो.

परत येण्याला आपण उगाच लाज चिकटवली आहे. शेजारच्या लोणार तालुक्यातल्या पिंपरी खंदारेचे राजू केंद्रे बारावीनंतर पुण्याला गेले. तिथं त्यांचा निभाव लागला नाही. मुक्त विद्यापीठातून त्यांनी पदवी घेतली, मग टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकले आणि २०२१ मध्ये चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. त्यांनी सुरू केलेली 'एकलव्य' आज घरात पहिल्यांदाच शिकणाऱ्या मुलांना मोठ्या विद्यापीठांची वाट दाखवते. पुण्याहून मागं फिरणं हा शेवट मानला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

न येण्याची भीतीही तपासून पाहावी. अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे पंजाबराव देशमुख १९२० च्या सुमारास विलायतेला गेले, एडिनबरो आणि ऑक्सफर्डला शिकले, बॅरिस्टर झाले. त्या काळी बोटीनं जायचं आणि घरचं पत्र यायला आठवडे लागायचे. ते वऱ्हाडात परत आले आणि १९३२ मध्ये त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. पुढच्या कितीतरी शेतकऱ्यांच्या मुलांना शिकायला तेवढं दूर जावं लागलं नाही, ते त्यांच्या परत येण्यामुळे. सगळेच असे परततील असं नाही, परतलंच पाहिजे असंही नाही. पण ज्याला घरानं हसतमुखानं निरोप दिला, त्याला घराकडे वळताना संकोच वाटत नाही. ज्याला भांडून उंबरा ओलांडावा लागला, तो मात्र परततानाही हिशेब करतो.

याचा अर्थ प्रत्येकानं बाहेर जावंच असा नाही. आजी अंथरुणाला खिळली आहे, घरात दुसरं करणारं कुणी नाही, किंवा जो विषय शिकायचा तो छत्रपती संभाजीनगरला तितकाच चांगला मिळतो, तर थांबणं हा कमीपणा नाही. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राज्यानं पूर्ण शुल्कमाफी दिली आहे. ती राज्यातल्या महाविद्यालयांसाठी आहे, बाहेर गेलं की ती मागं राहते. असल्या गोष्टी मांडून, जोखून थांबलेली मुलगी शहाणीच. पण 'लोक काय म्हणतील' म्हणून थांबवलेली मुलगी पुढे तीस वर्षं प्रत्येक जुलैत मनातल्या मनात ती गाडी पकडत राहते.

मग ठरवायचं कसं? मी त्या मुलीलाच बोलावलं. विचारलं, "तिथं असं काय आहे, जे इथं नाही?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. विद्यापीठाचा मोठेपणा तिनं सांगितला नाही. म्हणाली, "इथं प्रयोग वहीत उतरवून घेतो सर. तिथं करायला मिळतात." मग बापाकडे बघून हळूच, "आणि इंग्रजीची मला पण भीती वाटते बाबा. पहिले सहा महिने जड जातील. पण सहा महिनेच."

भीती कुठली आणि किती दिवसांची, हे जिला सांगता येतं, तिच्यासाठी निर्णय दुसऱ्यानं घ्यायची गरज नसते. बापानं त्या रात्री पैसे भरले.

घरातल्या मोठ्यांना माझं सांगणं एवढंच आहे. अंतर मोजायचंच असेल तर किलोमीटरमध्ये मोजू नका. तिथं वसतिगृह आहे का, आपल्याकडचं एखादं पोर तिथं आहे का, कागद केंद्राच्या नमुन्यात आहेत का, महिन्याचे पैसे कुठून जाणार, आणि नाहीच जमलं तर घरात तिला कुणी टोचून बोलणार नाही ना, ही पाच उत्तरं हातात असतील तर हैदराबाद जवळ आहे. ती नसतील तर जालनाही दूर आहे.

आणि पोचवायला गेलात की तिथंच एक काम करा. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी सुरू होतं. ऑगस्टअखेर प्रवेश झाला आणि दिवाळी ऑक्टोबरात असली की दिवाळीची गाडी तेवढ्यातच येते. वसतिगृहात पेटी ठेवली, गादी अंथरली की लेकीला सोबत बसवा आणि दिवाळीचं जालन्यापर्यंतचं तिकीट काढून द्या. मग खुशाल निघा.